दार नसलेले घर आणि ससा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शनिशिंगणापूरला जाऊन आलेला माणूस घरी परतल्यावर दोन गोष्टी हमखास सांगतो. एक, तिथल्या देवाला छप्पर नाही. दुसरी, तिथल्या घरांना दारे नाहीत. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, नेवासे तालुक्यातले, सोनईजवळचे हे गाव. साडेपाच फुटांच्या आसपास उंचीची काळी शिळा तिथे उघड्या चौथऱ्यावर ऊन-पाऊस सोसत उभी आहे. पुराच्या पाण्यातून ही शिळा वाहत आली, काठी टोचताच तिच्यातून रक्त आले, आणि 'मला छप्पर नको, गावाची राखण मी करीन' असे देवाने स्वप्नात येऊन सांगितले, अशी आख्यायिका आहे. देवच उघड्यावर राहतो म्हटल्यावर गावानेही आपली कवाडे काढून टाकली. चौकट आहे, उंबरा आहे. कडी नाही, कोयंडा नाही, कुलूप नाही. २०११ मध्ये युको बँकेने गावात शाखा उघडली तेव्हा दार काचेचे ठेवले आणि कुलूप डोळ्यांना दिसणार नाही अशी सोय केली. पोलीस ठाणे यायला २०१५ साल उजाडले. मधल्या काळात चोरीच्या एक-दोन तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या, त्यांची चर्चाही झाली. पण गावाची रीत टिकून राहिली.

या गावातल्या एका लहानशा गोष्टीकडे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फारसे लक्ष जात नाही. काही घरांच्या चौकटीला एक सुटी फळी टेकवून ठेवलेली असते. ती चोरासाठी नसते, ती असते भटक्या कुत्र्यांसाठी. देवाचा वचक माणसाला कळतो, कुत्र्याला तो कोण समजावणार? भाकरीच्या टोपल्यात तोंड घालताना त्याला साडेसातीची भीती वाटत नाही. तेव्हा चोराला अडवण्याचे दाराचे काम गावाने देवावर सोपवले, आणि जनावराला अडवण्याचे काम फळीवर ठेवले.

दाराचे आणखी एक, तिसरे काम असते. बाहेरच्याला आत येऊ न देणे हे जसे दाराचे काम, तसेच आतल्याला बाहेर जाऊ न देणे हेही. रांगते मूल असलेल्या घराला हे कुणी सांगावे लागत नाही. आज ज्या प्राण्याविषयी बोलायचे आहे तो या बाबतीत रांगत्या मुलाचाच भाऊ. तो म्हणजे घरात पाळलेला ससा, आणि त्यातही दोन-चार महिन्यांचे, अंगात वारे भरलेले त्याचे पिल्लू.

मुलांच्या हट्टापायी बाजारातून सशाची जोडी घरी येते. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची. आठवडाभर सगळे घर तिच्याभोवती असते. आणि मग एके दिवशी 'पिल्लू गेले हो' असे ऐकू येते. खरे तर हा प्राणी नीट जपला तर आठ-दहा वर्षे सहज जगतो. तो महिन्या-दीड महिन्यात का जातो, याची घरोघरची उत्तरे ठरलेली आहेत. थंडी बाधली, दृष्ट लागली, ससा नाजूकच. उत्तर शोधायला थोडे मागे, सुमारे दोन हजार वर्षे मागे जावे लागते. सशाचा आणि माणसाचा इतिहास हा बऱ्याच अंशी भिंतींचा आणि कुंपणांचा इतिहास आहे, आणि घरातल्या पिल्लाला काय मारते हे त्या इतिहासात लिहून ठेवलेले आहे.

एक नाव, दोन प्राणी

सुरुवात आपल्या भाषेपासूनच करू. मराठीत ससा हा एकच शब्द आहे, आणि तो दोन अगदी निराळ्या प्राण्यांना आपण वापरतो. आपल्या म्हणी, वाक्प्रचार, कथा यांतला ससा हा माळरानावरचा रानससा आहे. चंद्रावरच्या डागाला शशाचा आकार देणारा, म्हणून चंद्राला शशांक म्हणायला लावणारा तो हाच. जातककथेत पाहुण्यासाठी आपले शरीर अग्नीत टाकायला निघालेला तो हाच. 'सशाचे काळीज' याचेच, आणि शिकाऱ्याच्या कुत्र्यांपुढे धावताना होते ती 'ससेहोलपट' हीसुद्धा याचीच. 'ससेमिरा' या शब्दाचा मात्र सशाशी काही संबंध नाही बरे का! विक्रमराजाच्या एका जुन्या कथेत वेड लागलेला राजपुत्र 'स, से, मि, रा' ही चार अक्षरे सारखी बरळत असतो, त्यावरून तो शब्द आला.

रानसशाच्या भित्रेपणाला अपवाद ठरणाऱ्या कथाही आपल्याकडे आहेत. हरिहर आणि बुक्क यांनी जिथे सशाला शिकारी कुत्र्यांवर उलटून जाताना पाहिले तिथे विजयनगर वसवले, असे सांगतात. गुजरातचा अहमदशहा आणि अहमदाबाद यांच्याविषयीही अशीच कथा आहे. कुत्र्यावर ससा उलटला, तेव्हा ही भूमी शूरांची, असा तिचा अर्थ. कथा म्हणून ती छान आहे. पण कुत्र्यापुढे सशाची ताकद किती, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो या कथेवर घरातल्या सशाचा जीव टांगणार नाही.

हा रानससा बीळ करीत नाही. गवतात, बांधाच्या आडोशाला नुसत्या खोलगट जागेत तो दबून बसतो. त्याची पिल्ले अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्माला येतात. आई त्यांच्यापासून दूर राहते, म्हणजे तिच्या वासावर कोल्हा-कुत्रा येऊ नये, आणि दिवसातून एखाद्या वेळी येऊन पाजून जाते. ऊसतोडीच्या वेळी किंवा नांगरट करताना अशी पिल्ले दिसली की 'आईने टाकलेली दिसतात' म्हणून माणसे कळवळ्याने ती घरी आणतात. ती टाकलेली नसतात. तिथेच जवळ आडोशाला ठेवून बाजूला व्हावे, आई येते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्राणी संरक्षित आहे. त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे.

बाजारात टोपलीत मिळतो तो ससा वेगळा. तो मूळचा स्पेन आणि पोर्तुगालच्या भूमीतला. तो बिळे खणतो, बिळात घोळक्याने राहतो, आणि त्याची पिल्ले उघडी, आंधळी, बिळातल्या गवत-केसांच्या अंथरुणात जन्मतात. रानससा आणि हा यांची आपसात संततीही होत नाही. आपण मात्र दोघांनाही एकाच नावाने हाक मारतो, आणि गोष्टीतल्या सशाचा स्वभाव घरातल्या सशाला चिकटवतो. तो गरीब आहे, भित्रा आहे, कोपऱ्यात बसून राहील, असे आपल्याला वाटते. बिळे खणणाऱ्या प्राण्याला आपण घरात आणले आहे, हे लक्षातच येत नाही.

भिंतीचा पहिला सल्ला

आता शिंगणापूरच्याच नेवासे तालुक्यात जरा थांबू. प्रवरेकाठच्या नेवाशाचे नाव घेतले की ज्ञानेश्वरी आणि पैसाचा खांब आठवतो. पण त्याच नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया यांनी मोठे उत्खनन केले. त्यात जे निरनिराळ्या काळांचे थर सापडले, त्यांतल्या इसवी सनाच्या सुरुवातीच्या एका थराला त्यांनी 'इंडो-रोमन' असे नाव दिले, कारण रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा त्यात होत्या. प्रवरेच्या काठी रोमची भांडी पोचली, त्या काळात खुद्द रोममध्ये ससे पाळण्याची हौस भरात आली होती.

मार्कस टेरेन्शियस व्हॅरो या रोमन विद्वानाने वयाच्या ऐंशीव्या वर्षी, इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमाराला, शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात ससे ठेवण्याच्या आवारासंबंधी तो सूचना देतो. आवाराच्या भिंती गिलावा केलेल्या असाव्यात, म्हणजे रानमांजर किंवा तत्सम जनावर आत शिरणार नाही. आणि त्या उंच असाव्यात, म्हणजे लांडगा उडी मारून येणार नाही. शिंगणापूरच्या फळीमागचा विचार आणि हा विचार एकच आहे. त्याच ठिकाणी स्पेनमधल्या सशाचा उल्लेख करून व्हॅरो म्हणतो की, तो जमिनीखाली भुयारे करतो म्हणून त्याचे लॅटिन नाव भुयारावरून पडले आहे. म्हणजे ज्याची ओळखच भुयार खणणारा अशी आहे, त्याला भिंतीत ठेवण्याचा हा खटाटोप होता.

तो किती यशस्वी झाला? थोरल्या प्लिनीने पुढच्या शतकात दोन गमतीच्या नोंदी केल्या आहेत. एक व्हॅरोच्याच हवाल्याने: स्पेनमधले एक गाव सशांनी खालून पोखरून टाकले. दुसरी बॅलिआरिक बेटांची: तिथल्या रहिवाशांनी सशांच्या उपद्रवाला कंटाळून सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली. सशाविरुद्ध फौज! आपल्याकडच्या टोळधाडीच्या गोष्टींच्या पंक्तीला बसवावी अशी ही नोंद आहे.

पुढे युरोपात सरदारांनी आणि मठांनी मांसासाठी आणि कातड्यासाठी ससे राखले, तेही आवारे बांधूनच. आणि मग याच प्राण्याने एक प्रचंड लांब कुंपण माणसाकडून घालून घेतले. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर इंग्लंडहून ऑस्ट्रेलियात चोवीस ससे मागवले. पन्नास वर्षांच्या आत त्यांच्या संततीने खंडाचा मोठा भाग व्यापला. पिके गेली, चराऊ रान गेले. १९०१ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाने कुंपण घालायला घेतले. १९०७ मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या कुंपणाची लांबी १८०० किलोमीटरहून अधिक होती, आणि तिन्ही कुंपणे मिळून ३२०० किलोमीटरहून अधिक. जाळी जमिनीत पुरली, पहारेकरी नेमले. पण काम चालू असतानाच ससे पलीकडे पोचले होते.

या इतिहासातून घरात ससा ठेवणाऱ्याने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, ससा वर चढून कमी आणि खालून व फटीतून जास्त जातो. दुसरी, नुसत्या भिंतीच्या भरवशावर त्याला कुणी ठेवू शकलेले नाही. डोळा ठेवावाच लागला आहे.

भीती कुठे गेली?

भिंतीतला ससा आवारातून पिंजऱ्यात आला आणि पिंजऱ्यातून खोलीत. पिंजऱ्याची वाट आपल्या ओळखीची आहे. लुई पाश्चरने १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर जी लस टोचली, ती सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. प्रयोगशाळांत ससे पिंजऱ्यांत राहू लागले. आपल्या देशात राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने ससेपालनावर काम केले. हिमाचलातल्या तिच्या गडसा केंद्रात अंगोरा जातीचे लोकरीचे ससे आहेत. म्हणून ससा म्हटले की जाळीचा पिंजरा, हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे पक्के बसले.

खोलीतला ससा त्यामानाने नवा. इंग्रज लेखिका आणि चित्रकार बिअट्रिक्स पॉटर हिने लहान मुलांसाठी जो पीटर ससा अजरामर केला, त्या गोष्टीचे पुस्तक १९०२ मध्ये निघाले. पण त्याआधी तिच्या घरात पीटर आणि बेंजामिन हे दोन खरे ससे राहून गेले होते. बेंजामिनला दोरी बांधून ती फिरायला नेई, आणि लोणी लावलेला गरम पाव त्याला भलताच आवडे. (आपण मात्र त्याचे अनुकरण करू नये, पाव सशाच्या पोटाला चांगला नाही.) पुढे १९८५ मध्ये मॅरिनेल हॅरिमन या अमेरिकन बाईंनी घरात मोकळा वावरणारा ससा कसा ठेवावा यावर पुस्तक लिहिले आणि १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात त्यासाठी एक संस्थाच सुरू झाली. मांजरासारखा ससाही ठरावीक पाटीत शी-शू करायला शिकतो, हे लोकांना त्यानंतर मोठ्या प्रमाणावर कळले.

पण या सगळ्या प्रवासात सशाच्या आत काय बदलले? याचे उत्तर अलीकडच्या संशोधनाने दिले आहे. २०१४ मध्ये रानटी आणि पाळीव सशांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. कुठल्या एका जनुकाने ससा माणसाळला नव्हता. अनेक जनुकांत थोडा थोडा फरक पडला होता, आणि त्यांतली बरीच जनुके मेंदूच्या आणि मज्जासंस्थेच्या घडणीशी संबंधित होती. २०१८ मध्ये मेंदूची छायाचित्रे घेऊन केलेल्या अभ्यासात दिसले की, भीतीशी निगडित असलेला मेंदूचा भाग पाळीव सशात लहान झाला आहे, आणि भीतीला आवर घालणारा भाग मोठा. सहाव्या-सातव्या शतकात मठवासीयांनी एका आज्ञेमुळे ससा माणसाळवला, अशी एक कथा पुस्तकांतून वर्षानुवर्षे छापली जात होती. तिला आधार नाही, हेही २०१८ मध्येच दाखवण्यात आले. असा कुठला एक मुहूर्त नव्हताच. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने कमी बुजणारा ससा जवळ ठेवला, आणि भीती हळूहळू ओसरत गेली.

दात मात्र तेच राहिले. आयुष्यभर वाढत राहणारे, सतत काहीतरी कुरतडून झिजवावे लागणारे. पंजे तेच राहिले. वाटेत आडवे आलेले मूळ तोडून पुढे सरकण्याची सवय तीच राहिली. अंधाऱ्या, अरुंद जागेत शिरण्याची ओढ तीच राहिली. उजाडताना आणि तिन्हीसांजेला उधळण्याची वेळही तीच राहिली. रानातल्या पिल्लाला अनोळखी वस्तूपाशी जाताना जी भीती मागे खेचते, ती तेवढी या घरच्या पिल्लात कमी उरली. त्याची राखण करणारी भीती आपण काढून घेतली, आणि त्याला धोक्यात नेणाऱ्या सवयी तशाच राहू दिल्या. बाजारातले पिल्लू घरी येते ते असे.

उंबऱ्याच्या आत

आता समजा, शिंगणापुरातल्याच एखाद्या घरात असे पिल्लू आले. फळी टेकवली, कुत्र्याची भीती बरीचशी गेली. पण सशाच्या डोळ्यांनी ते घर पाहा. भिंतीच्या कडेने जाणारी विजेची वायर हे त्याला वाटेत आलेले मूळ आहे. मोबाइलचा चार्जर, टीव्हीची केबल, कूलरची वायर, सगळी मुळेच. ती तो दुष्टपणाने तोडत नाही. त्याच्या पूर्वजांनी लाखो वेळा जे केले तेच करतो. फरक एवढाच, की या मुळातून २३० व्होल्टचा प्रवाह वाहतो. म्हणून वायरी प्लॅस्टिकच्या नळीत किंवा पट्टीत बंद करणे, नाहीतर दोन-अडीच फूट वर उचलून घेणे, हे पहिले काम. 'चल, हट' म्हणून ओरडण्याने काही होत नाही. मुळावर ओरडून कुणी ससा थांबवला आहे?

कपाटामागची फट, फ्रिजमागची ऊबदार जागा, दिवाणाखालचा अंधार हे त्याचे बीळ. मुठीएवढ्या फटीतून लहान पिल्लू सहज आत जाते, आणि मग कपाट सरकवताना किंवा दिवाणाचे झाकण बंद करताना अपघात होतो. या फटी फळकुटाने बुजवाव्यात आणि त्याबदल्यात त्याला त्याचे बीळ द्यावे. दोन बाजूंनी भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके पुरते. एका पाटीत माती किंवा कागदाचे कपटे भरून दिले तर खणण्याची हौस तिथे भागते आणि गादी वाचते. पेरूची किंवा तुतीची फांदी दिली तर दात तिथे झिजतात.

मोकळे सोडण्याची जागा आखायची तर अडसर निदान तीन फूट उंचीचा हवा. दोन फुटांची फळी तरुण ससा खेळता खेळता ओलांडतो. गुळगुळीत फरशी हा आपल्या नव्या घरांचा आणखी एक धोका. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, केस असतात. फरशीवर धावताना तो घसरतो. त्याची हाडे शरीराच्या मानाने फार हलकी, आणि मागच्या पायांचा जोर मोठा. नीट न धरता उचलले आणि त्याने लाथ झाडली तर त्याचाच मणका मोडतो. म्हणून खाली सतरंजी किंवा जुने गोणपाट अंथरावे. कान धरून तर कधीच उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच त्याच्याशी खेळावे.

उन्हाळा आपल्या भागात सर्वांत कठीण. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी कानांवाटे सोडतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि नगर जिल्ह्यात वैशाखात तो चाळिशीला भिडतो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवरच्या पिंजऱ्यात ठेवलेला ससा दुपारभरात दगावू शकतो. घरातली सर्वांत गार खोली त्याची, माठाजवळचा कोपरा त्याचा. बर्फाची बाटली कापडात गुंडाळून जवळ ठेवली तर तो तिला टेकून पडतो. आंघोळ मात्र घालू नये. भीतीने आणि गारठ्याने पिल्ले जातात.

खाण्याच्या बाबतीत आपले प्रेमच आड येते. बशीत दूध आणि दुधात पोळी, हा आपला प्रत्येक पिल्लासाठीचा उपाय. दूध सुटलेल्या सशाला दूध नको आणि पोळीही नको. वाळलेले गवत हाच त्याचा मुख्य आहार. ते दिवसरात्र पुढ्यात हवे, म्हणजे दातही झिजतात आणि आतडीही चालू राहतात. हरळी, कोथिंबीर, मेथीची थोडी पाने चालतात. चित्रातले गाजर हे त्याचे गोडधोड आहे, रोजचे जेवण नव्हे. कण्हेर, रुई, अळू, मनीप्लँट या कुंड्या त्याच्या वाटेतून दूर कराव्यात. उंदराचे औषध तर त्या घरात नसावेच. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर 'उद्या बघू' म्हणू नये. त्याची आतडी थांबत आहेत, त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.

विकत घेतानाही घाई नसावी. आईपासून तोडलेले चार आठवड्यांचे पिल्लू विकायला येते, कारण ते छोटे आणि गोंडस दिसते. आठ आठवड्यांचे होईपर्यंत त्याने आईजवळ राहायला हवे. ससा घोळक्यातला प्राणी, त्याला सोबत लागते, पण जोडी आणताना हेही ध्यानात असावे की चौथ्या-पाचव्या महिन्यात ती वयात येते आणि महिन्याभरात पिल्ले होतात. ऑस्ट्रेलियाची गोष्ट आपण आत्ताच ऐकली. नसबंदीची शस्त्रक्रिया सशांवरही करता येते, तिची चौकशी आधीच करून ठेवावी.

तिन्हीसांजेची वेळ

राहता राहिली वेळ. आपल्याकडे दिवेलागणीला दार उघडे ठेवायची रीत आहे. लक्ष्मी येण्याची वेळ, तेव्हा दार लोटू नये, असे आजी सांगते. आणि नेमकी हीच वेळ पिल्लाच्या अंगात वारे शिरण्याची. दिवसभर झोपलेले पिल्लू उठते, खोलीच्या चार कोपऱ्यांत धावते, हवेत उडी मारून अंग पिळते. कामावरून माणसे परतत असतात, मुले आत-बाहेर करीत असतात, बाहेर कुत्री भटकायला लागलेली असतात. पळून जाणे म्हणा, दाराच्या फटीत चेंगरणे म्हणा, यासाठी याहून वाईट वेळ नाही. लक्ष्मीला दार उघडे राहू द्यावे, पण तेवढा अर्धा-पाऊण तास ससा आतल्या खोलीत, कुणातरी मोठ्या माणसाच्या नजरेखाली असावा. त्याला मोकळे सोडायचे ते घरातले एक माणूस त्याच्यासाठी जमिनीवर बसायला मोकळे असेल तेव्हाच.

शिंगणापूरची दारे गावाने उगाच काढली नाहीत. कुणीतरी राखण करतो आहे, हा विश्वास आधी होता, कवाडे नंतर निघाली. माणसाने सशाच्या बाबतीत क्रम उलटा केला. त्याच्या मनातली भीतीची कवाडे पिढ्यान्‌पिढ्या काढत नेली, आणि राखण कोण करणार हे ठरवायचे राहूनच गेले. आता तो प्राणी उंबऱ्याच्या आत, आपल्या पायांत घोटाळतो आहे. त्याला देवाच्या हवाली करता येणार नाही, आणि दारावरही सोडता येणार नाही. ज्या घरात तो आला, त्या घरातल्या कुणीतरी रोज संध्याकाळी खाली वाकून वायर, फट आणि गवताची पाटी पाहायला हवी. एवढे करायला घरात कुणी नसेल, तर मुलांचा हट्ट पुरवण्याआधी त्यांना तसे सरळ सांगावे.